बेटावर न्यायच्या पाच रेकॉर्डी

चष्मेवाल्याच्या बायकोचं मत त्या घरात एकदाच विचारलं गेलं, आणि तेही गंमत म्हणून.

चष्मेवाला चौकातलाच. हात कसबी, वाकडी फ्रेम गरम पाण्यात धरून अशी सरळ करायचा की नवी वाटावी. पण जिभेला हाड नव्हतं. दर रविवारी त्याच्या पुढच्या खोलीत दातांचे डॉक्टर, औषधवाला आणि निवृत्त मास्तर जमायचे आणि एकच खेळ चालायचा. निर्जन बेटावर जायचंय, पाचच रेकॉर्डी न्यायच्यात, बोला कुठल्या? कुणी तोंड उघडलं रे उघडलं की चष्मेवाला त्याची सालटी काढायचा. "ही नेणार? अहो, माकडं समुद्रात उड्या टाकतील!" बायको दिवसभर शिंप्याकडे काजं करून आलेली, बोटांची चाळण झालेली. ती चहा आणायची, कप उचलायची आणि आत जायची.

एका रविवारी मास्तरांनी सहज विचारलं, "वहिनी, तुमच्या कुठल्या पाच?"

"मला एकच पुरे," ती म्हणाली आणि लाजत लाजत कपाटातून घेऊन आली.

कुठल्याशा वाद्यवृंदाची स्वस्तातली रेकॉर्ड होती. त्यात तिचा धाकटा भाऊ माउथ ऑर्गन वाजवायचा. सुरुवातीला तो खोल श्वास घ्यायचा, तो स्पष्ट ऐकू यायचा. पुढे भाऊ जहाजावर कामाला लागला आणि बुडाला. देहसुद्धा हाती लागला नाही. जगात त्याचं काही उरलं असेल तर तो श्वास, आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

चष्मेवाल्याने रेकॉर्ड लावली. श्वास ऐकू आला तसा तो म्हणाला, "मेहुण्याला दमा होता वाटतं!" सगळी खोली खदखदून हसली. मास्तरही हसले.

पुढच्या रविवारी ती कप उचलायला गेली, तर शेंगांची टरफलं टाकायला मध्ये एक काळं, नागमोडी काठाचं भांडं ठेवलेलं. फ्रेम मऊ करतात तशी रेकॉर्ड गरम पाण्यात मऊ करायची, पातेल्यावर दाबायची, की झालं भांडं. तळाशी तिच्या रेकॉर्डचं लेबल जसंच्या तसं. "चला, कामाला तरी आली," चष्मेवाला म्हणाला. तिने टरफलं केरात टाकली, भांडं पुसलं आणि फळीवर ठेवलं. त्यानंतर दर रविवारी ती ते काढायची, पुसायची आणि परत ठेवायची. बाई सोसणारी आहे, असं सगळे म्हणायचे. सोसणं आणि विसरणं यांत फरक असतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

देवाच्या काठीला आवाज नसतो. चष्मेवाल्याला झटका आला आणि जिभेसकट सगळं अंग गेलं. तेवढे डोळे राहिले. मित्र पांगले. बायको त्याला भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची. कशात काही कमी केलं नाही.

एके दिवशी दुपारी तिने त्याच्या सगळ्या रेकॉर्डी खाटेशी आणून ठेवल्या. "तुमचा खेळ खेळू या. पाच न्यायच्यात. हवी असली की डोळे मिटायचे."

चष्मेवाल्याचे डोळे लकाकले. ती एकेक समोर धरत गेली. त्याने आवडीने, चोखंदळपणे चार निवडल्या. पाचवीला मात्र तो काही केल्या डोळे मिटेना. सगळा ढीग संपला. तिने त्याच्या नजरेचा माग काढला, तर नजर फळीवरच्या भांड्यावर.

"ही?"

त्याने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं.

तिला गलबलून आलं. इतक्या वर्षांनी हा माणूस माफी मागत होता, आणि ती खरी होती, यात तिला शंका राहिली नाही. तिने त्याचे डोळे पदराने टिपले. "मागितलीत, बरं केलंत," ती म्हणाली. "पण ती आता वाजत नाही हो."

मग ती आत गेली आणि तिने पाणी तापत ठेवलं.

रविवारी तिने तिघांना बोलावून घेतलं. खाट पुढच्या खोलीत ओढून घेतली. चहा दिला, भाजलेल्या शेंगा दिल्या, आणि टरफलांसाठी चार नवी काळी भांडी मांडली. डॉक्टरांनी एकाच्या तळाचं लेबल वाचलं आणि त्यांचा हात थबकला.

"वहिनी, ही तर ह्याची..."

"ह्यांनीच निवडल्या. बेटावर न्यायला."

मास्तरांनी खाटेकडे पाहिलं. चष्मेवाला त्यांच्याकडे एकटक बघत होता. आता तरी यांतला कुणीतरी उठेल, या आशेने. मास्तरांनी मान खाली घातली, शेंग फोडली आणि टरफल भांड्यात टाकलं. मग औषधवाल्यानेही टाकलं.

पाचवं भांडं तिने कुणापुढे केलं नाही. ते मांडीवर घेऊन ती भिंतीशी बसून राहिली. शेंगा संपल्यावर तिने चारही भांडी केरात रिकामी केली, पुसली आणि त्याला खाटेवरून दिसतील अशी फळीवर लावून ठेवली.