बारकूचं खरं नाव

ज्याचं खरं नावसुद्धा ठाऊक नाही, अशा माणसाची तुम्ही किती वर्षं वाट पाहाल? सापगावचे महादूआबा चोपन्न वर्षं पाहतायत. हसायचं असेल त्यांनी इथंच हसून घ्यावं.

गावच्या म्हशींची शेपटी धरून भातसा नदीत पोहायला शिकलेला हा माणूस नौदलात गेला. एकाहत्तरला बांगलादेशाच्या मुक्तीची लढाई पेटली, तेव्हा त्याला बंगालात, नदीकाठच्या एका गुप्त छावणीत धाडलं. काम काय, तर तिकडून आलेल्या लढवय्यांना पोहायला शिकवायचं. पाण्यातच वाढलेली ती माणसं पहिल्या दिवशी उस्तादाला मागं टाकून पैलतीरावर दात काढत बसली. मग आबांनी त्यांना वेगळंच शिकवलं. पोटाला सुरुंग बांधून, उताणं, पाण्याचा आवाज न करता शत्रूच्या जहाजापर्यंत कसं जायचं.

नाव-गाव कुणाला विचारायचं नाही, हा हुकूम. कुणी पकडला गेला तर त्याच्या तोंडून दुसऱ्याचं नाव निघू नये म्हणून. सगळ्यांना नुसते नंबर. ते आबांच्या जिवावर यायचं. ‘‘आमच्या आज्याला गावानं कधी नावानं हाक मारली नाय, जातीनंच हाकारलं. मी कसा कुणाला नंबरानं हाकारू?’’ मग त्यांनी आपल्या गावचीच नावं वाटली. चांगो, शाम, आणि सगळ्यांत किडकिडीत तो बारकू.

बारकू आपल्या ताटातला मासा उस्तादाच्या ताटात सरकवायचा. म्हणायचा, ‘‘देश सुटला की तुमची नदी बघायला येतो.’’ मग एका रात्री सगळे मोहिमेवर गेले. चांगो परतला, शाम परतला. बारकूचं कुणालाच कळेना. पुढं आबांची बदली झाली.

परवा नात समीक्षा मोबाइल घेऊन शोधायला बसली.

‘‘आबा, नाव सांगा.’’

‘‘बारकू.’’

‘‘तिकडं कुठला आलाय बारकू? खरं नाव?’’

‘‘नाय विचारलं.’’

‘‘गाव?’’

‘‘हुकूम होता गो.’’

‘‘एकदा तरी मोडायचा होता ना हुकूम.’’

आबा म्हणाले, ‘‘मला वाटलं, नाव दिलं म्हणजे मान दिला. त्याचं त्याला होतंच की.’’

आबा आता एक्क्याऐंशीचे. बिल्ला नको, सत्कार नको. तुमचं कुणी ढाक्याला, चितगावला ओळखीचं असेल तर आजच फोन लावा. एकाहत्तरला सुरुंग बांधून पोहत गेलेल्यांत डावी भुवई दुभंगलेला, बारीक अंगाचा कुणी होता का, विचारा. जगला असेल तर कळवा, नसेल तरी कळवा. फक्त त्याचं नाव विचारायला विसरू नका.