हिरवळीतलं टक्कल

इस्पितळाच्या माळ्याला सगळे ‘हवालदार’ म्हणायचे, कारण हिरवळीवर कुणाचं पाऊल पडलं की तो खुरपं उगारूनच धावायचा. वसंत लागला की तण मुळासकट उपटायचं, माती भुसभुशीत करायची, बी पेरून वरून फळीने दाबायचं आणि भोवती दोरी बांधायची, हा त्याचा नेम. सगळीकडे गवत धरायचं. एका कोपऱ्यात मात्र बावीस वर्षं जंग जंग पछाडलं, तरी टक्कल ते टक्कलच. लोक दोरी ओलांडून नेमके तिथेच उभे राहायचे.

“बाकं काय शोभेला ठेवलीत? इथंच काय पुरलंय तुमचं?” तो खेकसायचा. लोक खाली मान घालून निघून जायचे.

या वसंतात त्याची बायको तिसऱ्या मजल्यावर दाखल झाली. भेटीची वेळ संपली तसं नर्सने त्याला बाहेर काढलं. खाली येऊन तो मान वर करून तिची खिडकी शोधू लागला. झाडाच्या फांद्या आड येत होत्या, म्हणून तो सरकत सरकत गेला. अखेर खिडकी दिसली. गजाला बांधलेला तिचा निळा रुमालही दिसला. बऱ्याच वेळाने त्याची नजर पायांकडे गेली. तो दोरीच्या आत, कालच पेरलेल्या बियांवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो दोरी सोडत असताना एक बाई तिथे आली आणि त्याला पाहून बिचकली.

“या ना,” तो म्हणाला. “थोडं डावीकडे उभ्या राहा. तिथून नीट दिसतं.”