प्रेताला लागलेला ठसका

आज बाल्कनीतल्या तुळशीचं पान तोडलं आणि वासासरशी सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या हॉलमधलं, वीसेक वर्षांपूर्वीचं आमचं गणेशोत्सवातलं नाटक आठवलं.

पडदा उघडतो तेव्हा नाटकातले माझे सासरे गेलेले असतात. ते काम करणारे जोशी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मीटिंगमध्ये अडकले, म्हणून आमच्या खालच्या फ्लॅटमधल्या आयरिश आजोबांना ऐनवेळी झोपवलं. ते जुने नट आणि नाटककार. "पाठांतर कच्चं, म्हणून स्वतःच्या प्रत्येक नाटकात मी प्रेतच व्हायचो," असं सांगायचे.

तालमीत तांब्या रिकामा असायचा. प्रयोगाला माझ्या आईनं त्यात पुण्याहून आणलेलं गंगाजल ओतलं. "मेलेल्याला कोरड्या तोंडानं कसं पाठवायचं?"

मी रडत त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, पाणी घातलं, आणि प्रेताला सणसणीत ठसका लागला. आजोबा उठून बसले. हात जोडून इंग्रजीत म्हणाले, "तीस वर्षं मरतोय, पण पाणी विचारणारी सून आजच भेटली!" आणि पुन्हा मेले.

हॉल हसून लोटपोट झाला. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

आज सकाळी त्यांच्या मुलीचा आयर्लंडहून फोन आला. आजोबा गेले.

मी तुळशीला पाणी घातलं आणि ठसका ऐकू येईल म्हणून उगाच थांबून राहिले.