खिडकीतली म्हातारी

आमच्या घरात एका म्हातारीवरून लग्नापासून भांडण होतं. म्हातारी घरातली नव्हती, नात्यातली नव्हती. ती एका जुन्या हिंदी सिनेमात होती. म्हणजे, बायको म्हणायची होती आणि मी म्हणायचो नव्हती.

लग्नाला महिना-दोन महिने झाले असतील. तेव्हा आम्ही दर्यापूरला मोठ्या भावाच्या घरी राहत होतो. तिथल्या टॉकीजमध्ये बायका एका बाजूला बसत आणि पुरुष दुसऱ्या, मध्ये कमरेएवढी लाकडी फळी. नवराबायको दारापर्यंत सोबत येत आणि तिथून वेगळे होत. बायको अमरावतीची. तिकडे जोड्या शेजारी बसून सिनेमे बघत. तिला या प्रकाराचं फार हसू आलं. "म्हंजे अर्धा सिनेमा मी पाहू अन् अर्धा तुमी?" असं दारातच विचारून ती वहिनीचा हात धरून तिकडे गेली.

परतताना रस्त्यात तिने पहिल्यांदा म्हातारी काढली. सिनेमातलं झोपाळ्याचं गाणं तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. नायिका झोपाळ्यावर बसलेली, नायक मागे दोरी धरून उभा. तर म्हणे, त्यांच्या मागे वरच्या खिडकीत एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसलेली असते. गाणं संपेपर्यंत निवडते आणि शेवटी पदर तोंडाला लावून हसते. मी म्हटलं, अशी कोणी म्हातारी नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. 'आधी नीट पाहा, मग पेन्सिल उचला' असं पोरांना दिवसभर सांगणाऱ्या माणसाला अख्खी म्हातारी दिसली नाही, हे मी कसं मान्य करणार? माझं लक्ष सगळा वेळ नायिकेकडे होतं, हे कबूल करायला आता हरकत नाही. रागावणारं कोणी उरलेलं नाही.

पुढे आम्ही अकोल्याला आलो, घर बांधलं. मुलगी झाली, शिकली, नोकरीसाठी बंगलोरला गेली. म्हातारी मात्र आमच्यासोबतच राहिली. डोळ्यांसमोरची किल्ली मला सापडली नाही की बायको म्हणायची, "तुमाले काय दिसनार? तुमाले तर म्हातारीबी नाही दिसली." मीही कमी नव्हतो. पाहुण्यांना सांगायचो, हिला पडद्यावर नसलेली माणसं दिसतात, जरा जपून बसा. एकदा मुलगी वैतागून म्हणाली, "थांबा, मोबाइलवर गाणं काढते, एकदाचा निकाल लावून टाका." तर हिनेच तिच्या हातातला फोन घेऊन बाजूला ठेवला. "राहू दे. जेवाले बस." मला वाटलं, हरायला घाबरली. दोन दिवस मी घरात तोऱ्यात फिरलो.

बायको गेली त्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. मी सकाळपासून टीव्ही लावून ठेवतो, घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून. तेच ते सिनेमे पुन्हा बघताना नको त्या गोष्टी दिसायला लागल्या आहेत. शेठच्या बंगल्यातली फुलदाणी गरीब नायकाच्या खोलीतही असते. पावसाच्या गाण्यात मागच्या रस्त्यावर लख्ख ऊन पडलेलं असतं. इतकं ढळढळीत, आणि पूर्वी कधी दिसलं नाही. शेजारी माणूस असलं की अर्धं लक्ष त्याच्याकडे असतं, म्हणून असेल. असं काही दिसलं की अजूनही सांगायला मान वळते. दिवाणाच्या त्या टोकाला घडी केलेली चादर असते.

गेल्या महिन्यात दुपारी तो सिनेमा लागला. मध्यंतरानंतर झोपाळ्याचं गाणं आलं आणि मला म्हातारी दिसली. उजवीकडच्या खिडकीत, पांढरं पातळ, मांडीवर सूप. लपलेली नाही, अंधारात नाही, चांगली ठसठशीत. कडवं संपलं तरी ती निवडतच होती. गाणं संपताना तिने पदर तोंडाला लावला आणि हसली.

"अवं, हाये वं म्हातारी!" मी मोठ्याने ओरडलो.

आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी टीव्ही बंद केला आणि तिथेच बसून रडलो. मग मुलीला फोन लावला. ती कामात होती, "बाबा, संध्याकाळी करते" म्हणाली. संध्याकाळी तिने केलाही, पण तोवर सांगायची उमेद गेली होती. आयुष्यभराचं भांडण मी हरलो होतो, आणि जिच्यापुढे हरायचं तीच नव्हती. हे मला सहन होईना.

त्या दिवशी टॉकीजमध्ये तिच्या शेजारी बसलेल्यांपैकी आता एक वहिनीच आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून दर्यापूरला गेलो. वहिनी ओट्यावर लसूण सोलत होत्या. चहा होईपर्यंतही दम निघाला नाही. म्हटलं, "वयनी, त्या झोपाळ्याच्या गान्यात म्हातारी हाये. मले काल दिसली."

वहिनींनी मान वर केली. "आता दिसली काय भाऊजी? आमाले तं सगळ्यायले तवाच दिसली होती."

"मंग येवढ्या वर्षात सांगतलं काहून नाही?"

"तिनंच नाही सांगू देलं." वहिनी पुन्हा लसणाकडे वळल्या. "म्हने, वयनी, राहू द्या ते म्हातारी. हे शायेतून येतात अन् पेपरात तोंड घालतात. माह्याशी दुसरं काही बोलत नाहीत. म्हातारीवर मातर घंटाभर भांडतात."

मी चहा घेतला. काय चव होती सांगता येणार नाही. येताना बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं होती, आणि मला एकामागून एक आठवायला लागलं. तो सिनेमा आमच्या टीव्हीवर काय कमी वेळा लागला होता? दर वेळी आम्ही दोघं बघायला बसायचो. मध्यंतर संपलं की ती म्हणायची, "जा बरं, टाकी भरली काय पाहून या." अकोल्यात नळ रोज येत नाही, त्यामुळे पाण्याची काळजी कुणाला चुकली नाही. मी कुरकुरत गच्चीवर जायचो. खाली येईपर्यंत गाणं संपलेलं असायचं, आणि ती पदर तोंडाला लावून बसलेली असायची. मी ते पाहिलेलं होतं. दर वेळी पाहिलेलं होतं.

परवा तो सिनेमा पुन्हा लागला. मध्यंतर संपलं. नळाचा दिवस नव्हता, मोटर बंद होती. मी उठलो, जिना चढून गच्चीवर गेलो आणि टाकीला हात लावून उभा राहिलो. उन्हाने ती तापली होती. खालून गाण्याचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत थांबलो. मग खाली आलो, माझ्या जागेवर बसलो आणि दिवाणाच्या त्या टोकाकडे बघून म्हटलं, "कुठी हाये वं म्हातारी?"