मिस्तरीचं बोट

खिळा असलेली फळी मी रंदा मशीनमध्ये घातली.

फळी आधी तपासा, असं मशीनसोबतच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं. पण एकतीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलेल्या माणसानं पहिलं पान कशाला वाचायचं, असा माझा समज. मशीननं एकदा करकरून दात खाल्ले, भुशाचा फवारा माझ्या तोंडावर मारला आणि फळी पलीकडून बाहेर आली. तिच्यावर दोन उंच रेघा, वहीच्या समासासारख्या. पुढची फळी घातली, तिच्यावरही त्याच रेघा. मग आणखी दोन घातल्या. चौथ्या फळीनंतर मला शंका आली की दोष फळ्यांचा नसावा.

निवृत्तीनंतर हौस म्हणून मी ते मशीन घेतलं होतं. दोघांनी उचलून टेबलावर ठेवावं एवढंच. एका तोंडातून खडबडीत फळी द्यायची, दुसऱ्या तोंडातून ती ठरवलेल्या जाडीची, गुळगुळीत होऊन येते. म्हणजे यायला हवी. कोणी तरी म्हणालं, नालवाडीतच तुमच्या मागं दोन गल्ल्या सोडून एक मिस्तरी राहतो, त्याला बोलवा.

तो आला. मशीनकडे त्यानं पाहिलंही नाही. फळी उचलली, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं मधलं बोट तिच्यावरून हळू फिरवलं, झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावं तसं.

"खिळा होता."

"हो."

"दिसला नाई?"

"नाही."

"मंग चष्मा काय दाढी कराले घातला, सर?"

अशी आमची ओळख.

तुमच्याही पाहण्यात असा माणूस आला असेल, ज्याचं सगळं वजन शरीराच्या एकाच जागी साठलेलं असतं. मिस्तरीचं ते बोटात होतं. आर्वी रोडला एका फर्निचरच्या कारखान्यात तो कामाला होता. पाडलेल्या जुन्या कापूस-जिनिंगांच्या छपरांचं सागवान आणून तिथं दरवाजे करत. कारागीर दहा-बारा, पण मिस्तरीनं बोट फिरवून 'पास' म्हटल्याशिवाय एकही दरवाजा गाडीत चढत नसे. फळी मधोमध जाड राहिली असली की तो म्हणायचा, "याले पोट हाय." एवढं म्हटलं की कारागीर गुमान फळी परत न्यायचा. मिस्तरी सही करण्यापुरतं लिहायचा. दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्यानं केलं नसतं. ते बोट होतं म्हणून तो तिथं होता.

रविवारी तो माझ्या शेडमध्ये येऊ लागला. मला शिकवायला येतो असं म्हणायचा, पण निम्मा वेळ हसण्यात जायचा.

"आधी पिन काढा, मंग अक्कल लावा," हे त्याचं पहिलं कलम. प्लगची पिन भिंतीतून काढून स्वतःच्या खिशाजवळ ठेवल्याशिवाय तो मशीनच्या पोटात हात घालत नसे. पाती बदलायची तर जोडीनं, एक नवी एक जुनी लावली तर मशीन लंगडतं. रोलरवर लाकडाचा चीक बसला की फळी अडकते, म्हणून फडकं रॉकेलमध्ये भिजवून पुसायचं. जाडी एका वेळी पाव सूतच उतरवायची; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "तुमी काय अख्खी भाकर एका घासात खाता, सर?" आणि फळी बाहेर पडताना तिचं मागचं टोक जरा वर धरायचं, नाही तर शेवटचे दोन इंच जास्त खरवडले जातात. मी हे विसरायचो. मग मागून ओरड यायची, "शेपूट! सर, शेपूट उचला!" एकदा मी घाबरून ते इतकं उचललं की फळी मशीनमध्येच तिरकी अडकली, आणि मिस्तरी शेडबाहेर जाऊन एकटाच हसून आला.

मशीनच्या बैठकीवर मेणबत्ती घासायची असते, म्हणजे फळी सरकन सरकते. एकदा मेणबत्ती सापडेना म्हणून मी खोबरेल लावलं. त्या फळ्यांचं कपाट केलं. मिस्तरीनं दार उघडून नाक आत घातलं. "सर, याच्यात कपडे ठेवता का केसं?"

मास्तराला एवढं ऐकून घ्यायची सवय नसते. माझं हत्यार माझ्याकडे होतं: व्हर्नियर कॅलिपर, जाडी मोजायची पट्टी, केसाएवढा फरकही दाखवणारी. पहिल्याच वर्षी मी ती त्याच्यासमोर धरली. त्यानं एका फळीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मधात पाव सूत जास्त." मी कडेनं तीन ठिकाणी मोजलं. मधे पाव सूत जास्त. दुसरी फळी, तिसरी फळी, तेच.

"तुमच्या पट्टीले सांगा," तो म्हणाला, "पास झाली म्हना."

पुढच्या दिवाळीनंतर मात्र हवा पालटली. तो कारखान्यातल्या फळ्याच घेऊन येऊ लागला, सायकलच्या कॅरिअरला बांधून. "तिथल्या मोठ्या मशीनवर भल्ली गर्दी राह्यते, सर." फळी टेबलावर ठेवायचा, बोट फिरवायचा आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायचा, "काय म्हन्ते तुमची पट्टी?" मी वर्गात सांगावं तसे खणखणीत आकडे सांगायचो. तो मान हलवायचा. ज्या फळीला पोट निघेल ती माझ्या मशीनमधून काढायची. अखेर माझ्या शास्त्राला मान मिळाला, असं मला वाटलं. एका रविवारी तो 'पास' म्हणाला त्या फळीला पट्टीनं चांगलं अर्ध्या सुताचं पोट दाखवलं. मी जागच्या जागी उडी मारली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चार जणांना सांगितलं, मिस्तरीला पकडलं म्हणून.

तो नुसता हसला होता. "होते जी कधी कधी."

मला तो त्याचा मोठेपणा वाटला.

मग तो रविवार आला. सकाळची वेळ. मिस्तरी पाती बदलत होता. पिन काढून झाली होती. स्क्रू सैल केले, एक पातं काढून बाजूला ठेवलं, दुसरं काढायला घेतलं. बोलणं चाललं होतं पाटोडीच्या रश्श्याचं, तिखट कोणाच्या घरचं जास्त त्याचं. बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. पांढऱ्या भुशावर लाल डाग पडत होते.

"सर, तुमाले लागलं काय?"

मी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग आम्ही दोघांनी त्याचा हात पाहिला. मधलं बोट टोकापासून पेरापर्यंत उघडलं होतं. तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू दुसऱ्या कोणाची वस्तू त्याच्या हातात राहून गेली आहे.

मी फडकं बांधलं. आवळून बांधताना माझाच चेहरा वाकडा झाला, त्याचा नाही. तो फळ्यांच्या थप्पीवर बसला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"झाले दोन सालं. शुगरनं खाल्लं. आधी पायाचं गेलं, मंग हाताचं. आता फळी हाय का काच हाय, काई समजत नाई." बांधलेल्या फडक्याकडे बघत म्हणाला, "तुमची पट्टी नसती तं केव्हाच पकडलो गेलो असतो."

कॉपी करणारी पोरं मी एकतीस वर्षं पकडली. हा माणूस वर्षभर माझ्या टेबलावर, माझ्या नाकाखाली कॉपी करत होता, आणि मी मोठ्यानं उत्तरं सांगत होतो. तीच उत्तरं घेऊन तो कारखान्यात जायचा, डोळे मिटायचा, बोट फिरवायचा आणि 'पास' म्हणायचा.

"शेठले सांगू नोका, सर. बोट गेलं हे समजलं तं तिथं माहं काय काम हाय?"

"नाही सांगत," मी म्हणालो.

नवी पाती त्या दिवशी मी बसवली. तो थप्पीवरून सांगत होता, खाली कागद ठेवा, उंची सारखी घ्या, स्क्रू एकदम आवळू नका. एकही चूक झाली नाही. तो हसलाही नाही.

कारखान्याचा शेठ माझा विद्यार्थी. आजही भेटला की रस्त्यात वाकून पाया पडतो. सोमवारी मी स्वतःला समजावलं: त्या मोठ्या मशीनवर उद्या मिस्तरीचं पूर्ण बोट गेलं तर? हात गेला तर? मंगळवारी मी शेठच्या केबिनमध्ये होतो. मनात भीती होती, खोटं सांगत नाही. पण आपल्या एका शब्दानं एखाद्याचं भलं होतं याची गोडीही होती. मास्तरकी निवृत्त होते, ही गोडी होत नाही.

"बरं केलं सर, सांगितलंत," शेठ म्हणाला. "मिस्तरी आमच्या बाबांच्या वेळचे. आता मी त्यांना लाकडाला हातच लावू देणार नाही. आरामात बसतील."

मी खूश होऊन घरी आलो. चहाही जास्त साखरेचा घेतला.

शेठनं शब्द पाळला. पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा शोरूमच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर मिस्तरी बसला होता. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसवल्यासारखा. आतून रंद्याचा आवाज येत होता. एक गिऱ्हाईक बाई त्याच्याजवळ थांबली आणि म्हणाली, "बाबा, इथं पाणी कुठं मिळते?" त्यानं बोट करून माठ दाखवला.

"काय मिस्तरी, बरं चाललंय ना?"

"बसून हाय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

महिन्याभरानं त्यानं जाणं सोडलं. माझ्या शेडकडेही फिरकला नाही. मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा त्याच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, "झोपले हायेत." पुढं पायाला जखम झाली, ती चिघळली, दवाखाना झाला. थंडी सुरू होता होता तो गेल्याचं मला टपरीवर कळलं. त्याच टपरीवर.

तेरवी उरकल्यावर मी भेटायला गेलो. ओसरीत त्याची बायको सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं मला खाट दाखवली, कोरा चहा दिला आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. मी बोलू लागलो. अशा वेळी गप्प बसावं, हेही मला जमत नाही. शेठला मीच सांगितलं, हे मी तिला सांगितलं. हेतू चांगला होता हे सांगितलं. मशीनची भीती, हाताची काळजी, पगार तोच राहिला, खुर्ची मिळाली, सगळं सांगितलं. मग ओघात असंही म्हणालो की निदान तुम्हाला तरी आधी माहीत असतं, तर काही उपाय करता आला असता.

तिचे हात थांबले.

"मले पह्यल्या दिवसापासून ठाऊक होतं, सर. रोज सकाळी त्याईच्या शर्टाचे बटनं मीच लावून देत होती. लेकीले नाई सांगतलं. सख्ख्या बहिनीले नाई सांगतलं."

तिनं डाळीतला एक खडा काढून अंगणात टाकला.

"दोन सालं मी तोंड बंद ठेवलं. तुमच्यानं दोन दिवस नाई झालं."