गव्हाणीतली चावी

निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली. पण दिग्रसजवळच्या तांड्यातली ती घटना आठवली की आजही हात शिवशिवतात!

घरचे सगळे लग्नाला गेलेले. परतले तर दागिने गायब, कुलूप मात्र जसंच्या तसं. चावी अंगणात पाट्याखाली ठेवतात हे फक्त घरच्यांनाच ठाऊक. मग काय, संशय नव्या सुनेवर. सासू ठाण्यात सर्वांसमोर म्हणाली, "चोर घरातच हाय साहेब. इले आम्ही माहेरी सोडून देतो."

सून रडली नाही. निघताना हळूच म्हणाली, "साहेब, चावी ठेवताना आणखी एक जन पाहून राह्यला होता. कॅमेरा."

अरे बापा! अंगणात वायफायचा कॅमेरा होता, आणि नेमकं त्याच दिवसाचं रेकॉर्डिंग नव्हतं. पासवर्ड कोणी टाकला? सासरा म्हणाला, "बसवनाऱ्यानंच. आपल्याले कुठं जमते ते?" आमच्याकडे हे असंच. नवा मोबाइलही दुकानदाराच्याच हाती द्यायचा, 'तूच टाक पासवर्ड'.

पुराव्याशिवाय त्याला उचलून उपयोग नव्हता. सापळा लावला. घरच्यांनी कॅमेऱ्यासमोर ठणकावून सांगितलं, "नेर गावाले जावळं हाय, संध्याकाळी येऊ." चावी या वेळी पाट्याखाली न ठेवता, कॅमेऱ्याला दिसेल अशी अंगणातल्या गव्हाणीत टाकली. मी दोन शिपाई घेऊन मागच्या दाराने शेजारच्या कापसाच्या खोलीत शिरलो. एकाच्या नाकात कापूस गेला, गडी शिंकण्याच्या बेतात! मी त्याचं नाकच दाबून धरलं.

दुपारी मोटारसायकल आली. उतरला तो कॅमेरा बसवणाराच. पाट्याकडे बघितलंही नाही, सरळ गव्हाणीत हात!

"धर बे!" अशी झडप घातली की बस्स.

चौकशीत आधी म्हणाला, "मी त कॅमेरा पुसाले आलतो."

"मग गव्हाणीत काहून हात घातला?"

त्यावर पोपटासारखा बोलू लागला. त्याच्या मोबाइलमध्ये तालुक्यातली कितीतरी अंगणं चालू होती. दागिनेही पंचांसमक्ष जप्त केले.

सासूने सुनेचे हात धरले, "माहं चुकलं वो बाई." तांड्यात नुसता आनंद! मीही मिशीला पीळ भरत उभा. तेवढ्यात सून जवळ आली.

"साहेब, दागिने त भेटले. पण मी रोज त्या अंगणात केस वाळवत बसत होती. ते कुठं कुठं गेलं असन?"

उभी नोकरी लोकांचा चोरीला गेलेला माल परत मिळवून देण्यात गेली. तिला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून कोणी म्हणालं, सुरक्षेसाठी कॅमेरा लावतो, तर मी आधी विचारतो, "त्यातून बघणार कोण?"