बंदुकीच्या टपावरचं ओझं

काकांनी बंदुकीवर बसवलेली दुर्बीण अर्ध्या किलोच्या आसपास होती. काकूंनी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितली होती, म्हणून मला माहीत आहे. एवढ्याशा वजनाची मला महिनाभर भीती वाटत होती, असं लिहिताना थोडी लाज वाटते. पण वाटत होती, हे खरं आहे.

मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला मेकॅनिकल शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक आहेत. काका नात्याने काका नव्हेत. आमच्याच तालुक्याच्या गावचे, बऱ्याच वर्षांपूर्वी इकडे आलेले डॉक्टर. इथून उत्तरेला, बसने अर्धा दिवस लागतो अशा एका लहान गावात त्यांचा दवाखाना आहे. मी आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. बाहेरची थंडी बघून त्यांनी अंगातला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि परत मागितला नाही. इथे घर म्हणावं असं मला तेवढं एकच दार आहे. हे आधी सांगतो, कारण पुढे मी गप्प का राहिलो ते त्याशिवाय समजणार नाही.

त्या गावात नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की शाळेलासुद्धा सुट्टी देतात. दवाखान्यात कोणी फिरकत नाही. काका आधी नुसत्या गोष्टी ऐकायचे, मग शेजाऱ्याबरोबर जाऊ लागले, आणि मग त्यांनी एक जुनी, हलकी, आखूड नळीची बंदूक घेतली. चार मोसम झाले, हरीण एकही मिळालेलं नव्हतं.

"हरणं यांच्याकडे तपासून घ्यायला येत असतील," काकू म्हणायच्या. "हे त्यांना जीभ दाखवायला सांगत असतील."

काका हसायचे, पण त्यांना ते लागत असावं. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण नोव्हेंबर संपला की विचारायचा, "काय डॉक्टर, यंदा?" मला वाटतं, त्या गावात इतकी वर्षं राहूनही एक हरीण मारल्याशिवाय आपण तिथले होणार नाही, असं काहीसं त्यांच्या मनात बसलं होतं. त्यात यंदा त्यांना नळीवरची माशी धूसर दिसायला लागली. माशी म्हणजे नेम धरायचा तो टोकावरचा उंचवटा. म्हणून त्यांनी दुकानात होती त्यातली सगळ्यात मोठी दुर्बीण आणली.

दसऱ्याला मी त्यांच्याकडे होतो. काकूंनी पाट मांडला, त्यावर काकांचा स्टेथोस्कोप, माझा कॅलक्युलेटर, शिवणयंत्राची कात्री, आणि मधोमध बंदूक. आपट्याची पानं नव्हती, म्हणून अंगणातली मेपलची पिवळी पानं वाहिली. काकू सगळ्यांना हळदकुंकू लावत आल्या आणि दुर्बिणीच्या काचेवर बोट टेकणार, तेवढ्यात काका ओरडले, "अगं, काचेवर नको! मला पुढचं सगळं लाल दिसेल."

पूजा झाल्यावर त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. "बघ इंजिनिअर, कसा आहे स्कोप?"

मी जन्मात बंदूक हातात घेतली नव्हती. आमच्याकडे बँकेच्या दारात बसणाऱ्या पहारेकऱ्याची दुनळी होती, तिच्याकडेही मी रस्त्याच्या पलीकडून बघायचो. रिकामी आहे असं काका दोनदा म्हणाले, तरी मी तिचं तोंड भिंतीकडे केलं. मी ती मधोमध, बोटांवर तोलून बघितली, आणि ती कुशीवर वळली. पुन्हा सरळ केली, पुन्हा वळली. मग काकांनी दुर्बीण काढून दिली. तेव्हा तीच बंदूक शांत पडून राहिली, मांजरासारखी. पुन्हा दुर्बीण चढवली की ती लगेच कलंडायला बघायची.

कारण कठीण नव्हतं. काडतूस नळीत सारायचा बोल्ट मागे ओढताना त्याचा दांडा अडू नये म्हणून दुर्बीण उंच कड्यांवर बसवली होती. वजन थोडं, पण ते वर, आणि खाली धरायला फक्त मूठभर लाकूड. लहानपणी वडिलांबरोबर डेपोत जायचो तेव्हा एस.टी.च्या टपावर पोती चढताना बघायचो. पोती तीच, पण गाडीच्या पोटात ठेवली तर वळणावर काही वाटत नाही, आणि टपावर ठेवली तर ड्रायव्हर शिव्या देतो. दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. बंदूक एका हाताने उचलायची जी जागा, बरोबर तोलाची, तिथेच वरून दुर्बीण आडवी आली होती. पूर्वी काका तिथे पंजा घालून ती सहज नेत असणार. आता हात कुठे धरणार?

मी एवढंच म्हणालो, "काका, थोडी टॉप-हेवी वाटते."

"अरे, अर्धा किलो नाही. हापूसचे दोन आंबे! आणि नेमबाजीच्या रेंजवर मी फायर करून बघितली. वाळूच्या पिशवीवर टेकवली की दगडासारखी स्टेडी, धक्काही कमी बसतो. तुमचं थिअरीचं डोकं."

ते खोटं नव्हतं. टेकवलेल्या बंदुकीला वजन चांगलंच. पण जंगलात वाळूची पिशवी कोण नेणार? हे ओठांवर आलेलं मला बोलता आलं नाही.

निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं. "हे घरात ती खांद्याला लावून फिरतात. कोपऱ्यावर वळले की नळी कुठेही जाते रे. माझं ऐकत नाहीत. तू शिकलेला, तू सांग. आणि मोसमाला ये. त्यांच्याबरोबर कोणी असलं की मला बरं वाटेल."

मी हो म्हणालो. पुढचा महिनाभर मी वाक्यं जुळवत होतो. ज्यांनी मला कोट दिला, त्यांना मी सांगायचं की तुम्हाला हे झेपत नाही? आमच्याकडे वडील माणूस चुकीच्या रस्त्याला वळलं तरी आपण मागून चालतो, आणि पुढे कधीतरी म्हणतो, इकडूनही रस्ता आहे वाटतं. मी तेवढंही वाक्य तयार करू शकलो नाही.

मोसमाच्या पहिल्या सकाळी बर्फ पडलेलं होतं, फार नाही, घोट्यापर्यंत. दोघांच्याही अंगात कोटावरून भगव्या रंगाची, बिनबाह्यांची उघडी जाकिटं होती, माणूस लांबून दिसावा म्हणून. शेजारी तापाने झोपला होता, त्यामुळे आम्ही दोघंच. परवाना काकांचा, मी नुसता सोबतीला. गाडी सोडून झाडीत शिरलो तेव्हा उजाडत होतं. थोडं चालल्यावर डावीकडे काहीतरी खसफसलं. काकांनी बोल्ट पुढे सारला, आणि आम्ही श्वास धरून उभे राहिलो. काही नव्हतं. पुन्हा चालू लागलो.

त्यांना बंदूक कशी धरावी ते कळत नव्हतं, हे मला लवकरच दिसलं. खांद्याला पट्ट्याने अडकवली तर दुर्बीण पाठीत रुतायची आणि बंदूक फिरून पुढे यायची. म्हणून त्यांनी ती पुढून, नळीच्या बाजूने धरली. तेव्हा दस्ता खाली ओढू लागला. मग काखेत घेतली. जाड हातमोज्यांत तिची कड हाताला लागत नव्हती, आणि प्रत्येक दहा-बारा पावलांनी ती त्यांच्या मुठीत वळायची. ती वळली की काका तिला सावरायला मनगट फिरवायचे, आणि नळी माझ्यावरून जायची.

मी त्यांच्या उजवीकडे होतो, डावीकडे गेलो. नळी तिकडे आली. मी मागे राहिलो. त्यांनी ती खांद्यावर टाकली, आणि ते लहानसं काळं भोक माझ्या कपाळाच्या उंचीवर डुलू लागलं. मी पुन्हा बाजूला झालो.

"काय रे, नवग्रहांना घालतोस तशा प्रदक्षिणा काय घालतोयस?" काका हळूच म्हणाले. "हरणं घाबरतील."

"पाय गार पडतात, काका."

"मग नाच कर! हळू, पण नाच कर."

मी हसलो. मनात एकच विचार येत होता आणि तो अगदी साधा होता. मला काही झालं तर घरी तार जाईल, इंग्रजीत. आमच्या घरात ती वाचणारा मीच होतो. आई ती घेऊन कोणाच्या दारात जाईल? पोस्टमनलाच विचारेल का, काय लिहिलंय? मी चालत होतो आणि मला आईच्या हातातला तो कागद दिसत होता. तरी मी नुसता बाजू बदलत राहिलो.

मग वाटेत एक मोठं झाड आडवं पडलेलं आलं, कमरेएवढं. काका थांबले. "तू ओलांड आधी. मग ही धर, मी येतो."

मी पलीकडे गेलो. काकांनी बंदूक पुढे केली. दुर्बीण वरून छान मुठीत येते, बादलीच्या कडीसारखी, म्हणून त्यांनी ती दुर्बिणीलाच धरून उचलली होती. आणि मी काय केलं, तर दोन्ही हात पुढे केले. तळवे वर, किंचित वाकून. वडील माणसाच्या हातून काहीही घ्यायचं तर आम्हाला असंच शिकवलेलं आहे. प्रसाद असो, पुस्तक असो, एका हाताने घेतलं तर आईची चापट. मी वाकलो आणि नळीचं टोक माझ्या छातीला, कोटाच्या दुसऱ्या बटणापाशी, येऊन टेकलं.

काकांनी हात सोडला. माझ्या उघड्या तळव्यांवर बंदूक क्षणभर सरळ राहिली. मग तिचा वरचा भार एका बाजूला गेला, आणि ती वळली. दसऱ्याला वळली होती अगदी तशीच. हातमोज्यावरून सरकली, मी बोटं मिटली तेव्हा तिथे काही नव्हतं. ती खोडावर आपटली आणि बर्फात पडली.

आवाज झाला नाही. म्हणजे लाकडाचा झाला, पण ज्या आवाजाची मी डोळे मिटून वाट बघत होतो तो झाला नाही.

काका खोडावरून कसे आले ते मला आठवत नाही. त्यांनी बंदूक उचलली, झाडीकडे तोंड केलं आणि बोल्ट मागे ओढला. एक पिवळं काडतूस बाहेर उडालं आणि बर्फात रुतलं. खसफस ऐकून भरलेलं ते तसंच राहिलं होतं. काका त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. रोग्याच्या नातेवाइकांना बाहेर येऊन काही सांगायचं असतं तेव्हा डॉक्टरांचा होत असेल तसा.

"लागलं का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी तरीही माझ्या कोटावरून, छातीवरून हात फिरवून बघितला.

आणि तेव्हा मी बोललो. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "काका, सकाळपासून नळी माझ्याकडे येत होती. म्हणून मी फिरत होतो. पाय गार नव्हते पडले. ती दुर्बीण वर आहे म्हणून वळते, तुम्हाला धरता येत नाही. मला फार भीती वाटते. मी आता एक पाऊल चालणार नाही."

एवढं बोलून मला रडू आलं.

"सकाळपासून?" काका म्हणाले. "आणि मी तुला नाच म्हणालो."

"तुम्हाला कसं सांगणार?"

"ओरडायचं."

"तुमच्यावर?"

"माझ्यावर. आधी ओरडायचं. मग पाहिजे तर पाया पड."

ते खोडावर बसले. बाकीची काडतुसं काढून त्यांनी खिशात टाकली. मग एक नाणं काढलं आणि दुर्बिणीच्या कड्यांचे मोठे स्क्रू त्याने फिरवू लागले. बोटं गारठली होती, नाणं दोनदा बर्फात पडलं, दोनदा मी शोधून दिलं. दुर्बीण सुटली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी ती एका हाताने घेतली आणि कोटाच्या खिशात ठेवली. बंदूक त्यांनी मधोमध पंजात धरली, बोल्ट उघडाच ठेवून, नळी जमिनीकडे. ती हलली नाही.

आम्ही परत निघालो. दुर्बिणीने कोट एका बाजूला ओढला जात होता, आणि काकांचा तो कोट मला मोठा होतो, त्यामुळे खिसा प्रत्येक पावलाला मांडीवर आपटत होता. मध्येच समोर, बऱ्याच लांब, एक हरीण उभं दिसलं. मान वर, कान आमच्याकडे. काकांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना ते नीट दिसलं की नाही, माहीत नाही.

दारात काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बंदुकीकडे. "दुर्बीण कुठे गेली?"

"इंजिनिअरकडे आहे," काका म्हणाले. "चहा ठेव. दोघांना. त्याला साखर जास्त घाल."

काकू समजल्या असाव्यात, कारण दूध उतू गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. कप पुढे आला तेव्हा माझे दोन्ही हात सवयीने वर गेले, आणि तिथेच थांबले. त्यांना कप धरता येईल याची मला खात्री वाटेना. काकूंनी वाट बघितली. मग कप टेबलावर, माझ्यासमोर ठेवला.